अण्णा, आज तुम्ही खिडकीत बसायचे!

कल्याण स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर दिवसातून किती वेळा दोन नावे पडतात, मोजून पाहा. कर्जत आणि कसारा. कर्जतच्या पुढे बोरघाट, कसाऱ्याच्या पुढे थळघाट. म्हणजे सह्याद्री चढायचे रेल्वेचे दोन्ही जिने आपल्या अंगणातून निघतात. लोक त्यासाठी लांबलांबून येतात, फोटो काढतात. आणि आपण? आपणही घाटातून जातो, नाही असे नाही. पुण्याला नातलगाच्या मयतीला जातो, सोलापूर-नांदेडकडे गावी लग्नाला जातो, अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. पण बहुधा रात्रीच्या गाडीने, जनरल डब्यात, संडासाच्या बाजूला वर्तमानपत्र अंथरून. घाट कधी आला आणि कधी गेला याचा पत्ता लागत नाही. कानाला दडे बसले म्हणजे समजायचे, बोगदे लागले.

वाचकहो, घाट पाहण्यासाठी म्हणून, सकाळी अंघोळ करून, डबे भरून, बायको-मुले-म्हातारी माणसे घेऊन आपल्यापैकी किती कुटुंबे गाडीत बसली असतील? मी स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत बसलो नव्हतो. आणि माझे वडील त्याच घाटात गँगमन होते!

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आज त्यांचे वय ७९ आहे. बोरघाटात त्यांची सारी नोकरी गेली. आधी गँगमन, मग कीमन, शेवटची काही वर्षे मुकादम. निवृत्तीनंतर आम्ही कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत राहायला आलो. मी ठाण्याला एका कचेरीत कारकुनी करतो, संध्याकाळी वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. हे सांगायचे कारण, हा लेख लिहिणारा कोणी प्रवासवर्णनकार नाही. हिशेब लिहिणारा माणूस आहे. तेव्हा यात हिशेबही येईल.

झाले असे, माझ्या थोरल्या मुलीला शाळेत ‘पर्वतातील रेल्वे’ असा प्रकल्प दिला होता. तिने मोबाईलवर स्वित्झर्लंडची बर्फातली लाल गाडी काढली आणि आजोबांना दाखवली. ‘‘आजोबा, तुम्ही अशी गाडी पाहिलीय?’’ अण्णा चष्मा सारखा करून म्हणाले, ‘‘बर्फातली नाही बघितली बाळा. ढगातली बघितली. रोज बघायचो.’’ ‘‘बसलात कधी?’’ ‘‘बसलो की. पण दारात. पहारी, घमेली, पाने, सगळं सामान घेऊन. खिडकीत बाबूलोक असायचे.’’

मुलगी हसली. मला काही हसू आले नाही. मी रविवारची तारीख पाहिली. भाद्रपद होता, पाऊस ओसरला होता पण डोंगर अजून हिरवे होते. ठरवून टाकले. अण्णा, आई, आमची मंडळी, दोन मुले आणि मी, असे सहाजण.

आधी हिशेब

कल्याणहून लोणावळ्याला लोकल जात नाही. लोकल कर्जतपर्यंत किंवा खोपोलीपर्यंत. घाट चढायचा तर पुण्याकडे जाणारी मेल-एक्सप्रेस पकडावी लागते. डेक्कन एक्सप्रेस, इंद्रायणी या सकाळच्या गाड्या कल्याणला थांबतात. आम्ही सेकंड सीटिंगचे आरक्षण आधीच केले, कारण रविवारी जनरल डब्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन चढणे म्हणजे कुस्ती. हा खर्च सहाजणांनी सिनेमा पाहून बाहेर खाऊन येण्यापेक्षा पुष्कळ कमी होतो, हे मी वहीत मांडून पाहिले आहे. चपात्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी घरून. पाण्याच्या बाटल्या घरून. कर्जतला वडा मात्र घ्यायचाच, तो घरून नेता येत नाही!

डेक्कन एक्सप्रेसला जून २०२१ पासून काचेच्या छताचा डबा जोडतात. व्हिस्टाडोम म्हणतात त्याला. मोठ्या खिडक्या, फिरणाऱ्या खुर्च्या, वर आभाळ. त्याचे तिकीट आपल्या खिशाला जड आहे. फलाटावरून धाकट्याने आत डोकावून पाहिले आणि विचारले, ‘‘त्यांना घाट जास्त दिसतो का?’’ अण्णा म्हणाले, ‘‘घाट तोच. आपली खिडकी उघडते, त्यांची उघडत नाही.’’ हे अगदी खरे आहे. घाटातला वारा काचेतून येत नाही.

मी अण्णांना खिडकीत बसवले. ते आधी तयार होईनात, ‘‘पोरांना बसू दे’’ म्हणाले. शेवटी मुलीने हट्ट धरला, ‘‘आजोबा, आज तुम्हीच बसायचे.’’ बसले. डाव्या बाजूची जागा त्यांनीच सांगितली होती. पुण्याकडे जाताना उल्हास नदीची दरी डाव्या अंगाला राहते. ज्यांना जायचे असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे.

उल्हास नदीच्या काठाने

कल्याण सुटले की अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ, भिवपुरी, कर्जत. हा सारा प्रदेश उल्हास नदीचा. ही नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि आपल्या कल्याणच्या खाडीला येऊन मिळते. कल्याण-डोंबिवलीत नळाला येणारे पाणी बरेचसे याच नदीचे. म्हणजे आपण तोंडात घेतो तो घोट कधीतरी बोरघाटात पाऊस म्हणून पडलेला असतो. मुलांना हे सांगितले तर ती नदीकडे वेगळ्या नजरेने पाहतात, निदान आमची पाहत होती.

नदी नेहमीच अशी शांत नसते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. सुमारे १०५० प्रवासी नौदल आणि आपत्ती दलाच्या जवानांनी होड्यांतून बाहेर काढले. ती जागा आईने खिडकीतून ओळखली, कारण त्या दिवशी टीव्हीपुढून ती उठली नव्हती.

नेरळला उजव्या हाताला माथेरानची छोटी गाडी दिसते. दोन फुटी रुळांची ही गाडी १९०७ साली सुरू झाली, पीरभॉय कुटुंबाने ती बांधली. सुमारे २१ किलोमीटरची वाट. २००५ आणि २०१९ च्या पावसाने तिचे रूळ उखडले, ती बंद पडली, पुन्हा उभी राहिली. ती एका वेगळ्या रविवारचा विषय आहे, म्हणून इथेच सोडतो.

कर्जतला गाडी थांबते. लोक वड्यांसाठी धावतात. अण्णा मात्र मागच्या बाजूला पाहत होते. ‘‘बँकर लागतोय,’’ म्हणाले. घाटात एकट्या इंजिनाच्याने गाडी चढत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिने जोडतात. पुढचे ओढते, मागची ढकलतात. लोणावळ्याला ती सुटी होतात. एका धक्क्याने डबा हलला आणि अण्णा म्हणाले, ‘‘लागला.’’ पुढे विशी-पंचविशीतली दोन मुले उभी होती, त्यांनी म्हाताऱ्याकडे आश्चर्याने पाहिले.

एक गंमत मला या प्रवासातच कळली. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून जाणारी ‘डाऊन’. म्हणजे घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप! मुंबई वर आणि बाकी सारे खाली, हा साहेबाचा हिशेब. डोंगराला तो मान्य असेल असे वाटत नाही.

सदतीस फुटाला एक फूट

पळसदरीपासून खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि आपली गाडी डोंगराला लागते. जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा. मधल्या ठिकाणी प्रवाशांसाठी थांबा नाही. सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा हा चढ आहे. ऐकायला काही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरते, त्याला एवढा चढ म्हणजे भिंत. लोणावळ्याला पोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटर वर येतो.

हा रस्ता कसा झाला, हे आपल्या मुलांच्या पुस्तकात एका ओळीत असते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, एवढे सर्वांना पाठ. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला आली. १८५६ मध्ये ती पळसदरीवरून खोपोलीला पोचली, आणि १८५८ मध्ये वर खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली. मध्ये राहिला घाट. पाच वर्षे प्रवासी खाली उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीतून घाट चढायचे आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. पालखीत कोण बसत असेल आणि ती कोणाच्या खांद्यावर असेल, हे मी वाचकांना सांगायची गरज नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचा मार्ग खुला केला. सुमारे पावणेसोळा मैलांची वाट, १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. डोंगर इतका उभा होता, की एका जागी गाडी पुढे नेऊन, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने वर काढावी लागे. ही उलटापालट १९२९ मध्ये नवी वाट काढल्यावर थांबली. त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली. त्यातल्या लांब नाकाच्या जुन्या इंजिनाला रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत. अण्णांनी तो चालताना पाहिला आहे. त्याचा आवाज त्यांनी मुलांना काढून दाखवला आणि समोरच्या बाईंची झोप मोडली.

जेम्स बर्कले हे मुख्य इंजिनिअर. उद्घाटनाच्या आधीच, १८६२ मध्ये ते वारले. घाटाचा पहिला कंत्राटदार फेव्हिएल १८५९ मध्ये काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांत आजारी पडून मेला. तेव्हा त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हातात घेतले आणि दोन अनुभवी माणसे नेमून ते पुरे करून घेतले. आमच्या मंडळींना ही गोष्ट फार आवडली. मी म्हटले, तिचे कौतुक आहेच, पण पाट्या वाहणाऱ्या बाईचे नाव कोणाला माहीत आहे?

कारण बाया होत्या. मुलेही होती. कुटुंबेच्या कुटुंबे कामावर असत. पुरुषाने फोडायचे, बाईने वाहायचे. काही ठिकाणी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे कड्यावरून माणसे दोराने खाली सोडत आणि लोंबकळत्या स्थितीत सुरुंगाची भोके पाडून घेत. पावसाळ्यात काम बंद, उरलेल्या आठ महिन्यांत सारे उरकायचे. १८६१ च्या सुमारास एकाच वेळी ४२ हजारांपर्यंत माणसे या घाटात राबत होती. पटकीने, तापाने, दरडींनी आणि सुरुंगांनी आठ वर्षांत सुमारे २५ हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज दिला जातो. त्यांची यादी नाही. कारकून म्हणून मला याचे फार वाटते. खडी किती ब्रास लागली याचा हिशेब ठेवला गेला असेल, माणसे किती लागली याचा अंदाज!

ती माणसे मुकी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून कर्जतच्या बाजूला मजुरांनी उठाव केला, गोऱ्या देखरेख्यांवर ते चालून गेले, त्यात एक जण ठार झाला. सरकारने चौकशी केली. फेव्हिएल गेला तो त्यानंतर. १८६० मध्ये मालक-मजूर वादांसाठी कायदा झाला. त्यात मजुरीचा निकाल लवकर लावायची सोय होती, आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही होती. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले. इयन केर नावाच्या अभ्यासकाने १९९५ साली रेल्वे बांधणाऱ्या या मजुरांवर इंग्रजीत पुस्तकच लिहिले आहे. मराठीत असे काम आपल्या तरुणांनी हाती घ्यावे असे फार वाटते.

घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला दाखवली, अशी दंतकथा आहे. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली, असे सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचे देऊळ आहे. कथा खरी का खोटी, मी पुरावा पाहिलेला नाही. पण डोंगरातली वाट डोंगरातल्या माणसालाच माहीत असणार, हे पटते.

अण्णांची रात्र

ठाकूरवाडी मागे पडली. डाव्या हाताला दरी उघडली. खाली ढग, त्यातून हिरव्या डोंगरांची डोकी वर आलेली, पलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. कड्यांवरून दुधासारखे ओहोळ. बोगदा आला की डब्यातली सारी पोरे ओरडायची, बाहेर पडलो की पुन्हा तोच उजेड, पण दरी आणखी खोल. मुलीने मोबाईल खाली ठेवला. मी तरी हे असे दिवसाउजेडी कधी पाहिले नव्हते. दार्जिलिंगची छोटी गाडी घूमला ७४०७ फुटांवर जाते. तिला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, पुढे निलगिरी आणि कालका-सिमल्यालाही. आपला घाट त्यांच्याइतका उंच नाही. पण तिथे छोट्या रुळांची गाडी डौलात जाते. इथे सोलापूर-मद्रासकडे जाणाऱ्या लांबलचक गाड्या आणि मालगाड्या दिवसरात्र चढतात-उतरतात. हे सोपे नाही.

नागनाथच्या आसपास अण्णा एकदम म्हणाले, ‘‘ते बघ, तो दगड.’’ आम्हाला शंभर दगड दिसत होते. त्यांना एकच दिसत होता.

आषाढातली रात्र होती. पावसाळ्यात घाटात रात्रभर गस्त असते. दोघे दोघे चालतात. हातात बत्ती, कमरेला फटाक्यांचा डबा. हे फटाके रुळावर लावतात, चाक वर आले की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. अण्णा आणि त्यांचा सोबती चालत होते. पावसाने दोन हातांवरचे दिसत नव्हते. बत्तीच्या उजेडात रुळावर दरड दिसली. मोठा धोंडा आणि त्याच्याभोवती माती. खालून गाडी निघाल्याचे त्यांना माहीत होते.

‘‘मग?’’ धाकट्याने विचारले.

‘‘मग काय. मी खाली पळालो. सहाशे मीटरवर एक फटाका, बाराशेवर तीन. असा नियम. मोजायला वेळ नव्हता, स्लीपर मोजत पळालो. बोगद्यात पाय घसरला, गुडघा फुटला. लावले फटाके, लाल बत्ती धरून उभा राहिलो.’’

‘‘गाडी थांबली?’’

‘‘थांबली म्हणून तर सांगतोय.’’

पहाटेपर्यंत गँगने पहारींनी धोंडा फोडून बाजूला केला. गाडीत कोण होते, ती कुठे चालली होती, हे अण्णांना आजही माहीत नाही. प्रवाशांनाही कोणी थांबवले ते माहीत नसणार. बहुतेक झोपलेलेच असतील, आपल्यासारखे, वर्तमानपत्र अंथरून.

ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मी तेव्हा सहावीत असेन. गुडघ्याला फडके बांधलेले अण्णा मला आठवतात. ‘‘पडलो’’ एवढेच ते म्हणाले होते. त्याच वर्षी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी ‘रेल्वेत’ असे लिहिले. गँगमन लिहिले नाही. बी.कॉम.च्या प्रवेशाच्या वेळीही ‘रेल्वे कर्मचारी’ असेच. खोटे काहीच नव्हते. पण सही अण्णांनी केली आणि सही करताना ते वाचायचे. त्यांना अक्षरे जुळवून वाचता येते. त्यांनी मला कधी विचारले नाही. मीही कधी बोललो नाही, आज इथे लिहितो आहे.

आपल्या लोकांना रेल्वेत गँगमन व्हावे लागले, यामागेही इतिहास आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब अध्यक्ष होते. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, त्याला पुढे जायला वाव नाही, हे त्यांनी तिथे स्पष्ट मांडले. साधे पोर्टरचे कामही त्याला मिळत नसे. का? तर पोर्टरने स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करायचे असे, आणि त्या घरात अस्पृश्य चालणार कसा? कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. अण्णांना हे त्यांच्या पहिल्या मुकादमाने सांगितले होते, रात्रपाळीत शेकोटीजवळ बसून. अण्णा पुढे स्वतः मुकादम झाले. पगार वाढला तो थोडाच, पण त्या दिवशी आईने गोड केले होते.

मंकी हिल. इथे अण्णांनी मुलांना ‘कॅच साइडिंग’ दाखवले. घाट उतरणारी गाडी ब्रेक न लागता सुसाट सुटली तर तिला बाजूच्या चढावर नेणारा हा जादा रूळ. चढावर वेग मरतो. उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने इथे आधी थांबून ब्रेक ठीक असल्याचे दाखवायचे, मगच खालचा रस्ता मिळतो. परतीच्या प्रवासात गाडी अशी रानात उभी राहिली म्हणून लोक कुरकुर करतात. आता आमची मुले करणार नाहीत.

२०१९ च्या पावसाने मंकी हिल आणि नागनाथच्या भागात मार्गाचे मोठे नुकसान केले होते. दुरुस्तीला काही महिने लागले, पुण्याच्या कितीतरी गाड्या रद्द झाल्या. आजही उन्हाळ्यात डोंगरावर माणसे चढवून सुटे झालेले धोंडे पावसाच्या आधीच खाली पाडतात. त्यांना हिल गँग म्हणतात. यंत्रे आली, कॅमेरे आले, तरी धोंडा हलतो का हे शेवटी माणूस हाताने ढकलूनच पाहतो.

भाजे

लोणावळ्याला उतरून आम्ही पुण्याकडची लोकल धरली. पहिलेच स्टेशन मळवली. एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. कार्ल्याचे चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे, छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. पण तिथे रविवारी फार गर्दी, म्हणून आम्ही भाजे धरले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली ही २२ लेणी. चढण आहे, पायऱ्या आहेत. अण्णा वर येणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. ते माझ्या आधी वर होते. आईने मात्र खाली झाडाखाली बैठक मारली.

त्यांनी चैत्यगृहात वंदना केली आणि मग भिंतीला हात लावून उभे राहिले. छिन्नीचे घाव पाहत होते. ‘‘हा डावखुरा होता,’’ एका जागी म्हणाले. खरे-खोटे मला कळत नाही. बाहेर १४ स्तूपांचा समूह आहे, त्यांतल्या काहींवर स्थविरांची नावे कोरलेली आहेत. कार्ल्याला तर दान देणाऱ्या सुताराचे, व्यापाऱ्याचे नावसुद्धा दगडात आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत आपल्या कल्याणचे दाते आहेत. त्या काळी कल्याण बंदरातून माल याच घाटवाटांनी वर जात असे, आणि वाटेवर ही लेणी. म्हणजे कल्याण ते भाजे हा आपला प्रवास काही नवा नाही.

एक सूचना. पावसाळ्यात धबधब्यांच्या पाण्यात उतरू नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातले पाचजण डोळ्यांदेखत वाहून गेले. पाणी वरून येते, आपल्याला खाली ऊन दिसत असते. गाडीच्या दारात लटकून मोबाईल काढणाऱ्या पोरांनाही घरच्यांनी आवरावे. बोगद्याची भिंत हाताच्या अंतरावर असते.

परतीच्या गाडीला अंधार पडत आला होता. मंकी हिलला गाडी थांबली. खाली रुळाशेजारी चार माणसे उभी होती, अंगात नारिंगी जाकिटे, हातात बत्ती, खांद्यावर पाना. आमच्यातला कोणी त्यांना ओळखत नव्हता. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढून मोठ्याने ‘‘जयभीम’’ म्हटले. एकाने बत्ती वर केली आणि ‘‘जयभीम बाबा’’ म्हणाला. गाडी सुटली.

कल्याण येईपर्यंत मुले झोपली. अण्णा जागे होते. २५ डिसेंबरला देहूरोडला जायचे आहे. १९५४ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. तीही याच घाटावरून वाट. या वेळी वस्तीतली दहाबारा कुटुंबे येतो म्हणाली आहेत. मी यादी करायला घेतली आहे. अण्णांनी सांगून ठेवले आहे, की जाताना सर्वांची जागा डाव्या बाजूची घ्यायची.